दोन उजवे बूट

थोरल्या भावाचे बूट ताईनं बादलीत बुडवले ते चुकून नव्हे. तो मात्र शेवटपर्यंत त्याला चूकच समजत राहिला. बुटांच्या दुकानात लहानाची मोठी झालेली बहीण चामड्याचा बूट जाणूनबुजून पाण्यात घालेल, हे त्याच्या डोक्यात शिरण्यासारखंच नव्हतं.

डोंगरावरच्या तीर्थाकडे पायी जाणाऱ्यांसाठी वाटेवर ठिकठिकाणी यात्रीनिवास होते. त्यातला हा शेवटून दुसरा. इथं पगारी माणूस नव्हता. पंधरवड्याला दोन यजमान हौसेनं येत, गाद्या झटकत, न्हाणीघरं घासत, पायांवरचे फोड बघत, भलीमोठी भाजी शिजवत आणि सकाळी आठ वाजता सगळ्यांना वाटेला लावून दार ओढून घेत. या पंधरवड्याची यजमान होती ताई, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. जोडीला रहदारी पोलिसातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. वर्दी त्यांनी खात्याला परत केली होती, शिट्टी केली नव्हती. म्हणून त्यांना सगळे शिट्टीकाका म्हणत. न्हाणीघराकडे जाणाऱ्यांना ते एक हात आडवा करून थांबवत आणि दुसऱ्या हातानं जेवणाऱ्यांना पुढे सोडत.

काकांचे नियम कडक होते. बूट व्हरांड्यातल्या मांडणीच्या आत येणार नाहीत. पहाटे घाईत कुणी कुणाचा बूट घालून जाऊ नये म्हणून प्रत्येक जोडीच्या नाड्या एकमेकींना बांधायच्या. हे काम ताईकडे. आणि मुक्काम एका रात्रीचा. दुसरी रात्र फक्त ज्याला चालणं शक्यच नाही त्याला.

ताईनं हा पंधरवडा आणि हा यात्रीनिवास दोन्ही मुद्दाम मागून घेतले होते, कारण याच दिवसांत तिचे दोन्ही भाऊ इथून जाणार होते. एका दिवसाच्या अंतरानं. एकमेकांचं तोंड बघावं लागू नये म्हणून तेवढं अंतर त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं.

वडिलांचं बुटांचं दुकान. बूट तिथेच बनायचे, तिथेच विकले जायचे. वडील गेले आणि महिनाभरात दादा नि छोट्या सोलवरून भांडले. दादाचं म्हणणं, सोल शिवायचा. चिकटवलेला बूट म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला धोका. छोट्याचं म्हणणं, सोल चिकटवायचा. शिवलेला बूट म्हणजे भोकं पाडून वर पाणी येऊ नये अशी आशा करणं. बोलाचाली होता होता बोलणंच बंद झालं. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. इकडून आरीचा आवाज, तिकडून सोल्यूशनचा वास. दोघी भावजयांनी तेवढी भिंतीतली एक फळी सैल करून घेतली होती. त्यातून चहाचे कप आणि एकमेकींच्या नवऱ्यांच्या तक्रारी सुखरूप ये-जा करत.

भावांना मात्र फळी नव्हती. त्यांना ताई होती.

संध्याकाळी दादाचा फोन यायचा. "चिमे, त्याला सांग, त्याचं गिऱ्हाईक माझ्या दारात सायकल लावतं."

"तूच सांग की. मध्ये एक प्लायवूड तर आहे."

"मी कशाला बोलू? तू सांग."

मग छोट्याचा. "ताई, त्याला सांग, सायकल कुठं लावायची आणि बूट कुठं घ्यायचे, हे गिऱ्हाइकाला बरोबर कळतं."

नोकरीभर तिनं अनोळखी लोकांना जोडून दिलं होतं. ते एकदा जोडले की ती कानावरचा हेडफोन काढून मोकळी व्हायची. या दोघांची लाइन मात्र तिच्या कानातूनच जात होती, आणि निवृत्तीनंतरही सुटी मिळत नव्हती.

मग पैज लागली. तीही तिच्याच मार्फत. दोघांनी आपापल्या हातचे नवे बूट घालून तीर्थापर्यंत चालायचं, तीच वाट, तेच दगड. वाटेत डागडुजी नाही. ना टाका, ना थेंबभर सोल्यूशन. ज्याचा सोल आधी उकलेल त्यानं आपला हेका सोडायचा, भिंत काढायची आणि पुढे दुसऱ्याच्या पद्धतीनं काम करायचं. पंच ताई. तिच्या यात्रीनिवासात ती दोघांचे सोल तपासणार आणि निकाल देणार.

दोघांनाही हा अगदी न्यायाचा तोडगा वाटला. ताईला तो तसा वाटत नव्हता. हरलेला भाऊ दुसऱ्याच्या हाताखाली बसेल, हे ज्यानं त्यांना लहानपणी गोट्या खेळताना पाहिलं नाही त्यानं म्हणावं. हरलेला आरी-हातोडी पिशवीत टाकील, दुकानाची पायरी उतरेल आणि पुन्हा चढणार नाही. निकाल कसाही लागो, तिचा एक भाऊ जाणार होता आणि त्याला घालवणारं वाक्य तिच्या तोंडून निघणार होतं.

तेव्हा आधी दोघांना एका छपराखाली आणायचं, एवढंच तिनं ठरवलं. पुढचं पुढे. त्यासाठी दादाचा एक दिवस खायला हवा होता. म्हणून बादली.

*

"चिमे!" सकाळी व्हरांड्यातून दादाची हाक आली. "हे बूट ओले कसे?"

"चिखल होता. धुतले."

"धुतले! चामडं धुतलं! अगं, बाबांनी तुला दोरा ओढायला शिकवला, मेण लावायला शिकवलं, आणि तू... शिवलेला सोल पाणी पितो हे तुला माहीत नाही?"

"पितो?" ताईनं डोळे मोठे केले. "हे छोट्याला सांगू?"

दादानं व्हरांड्यात कुणी आहे का ते पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सगळंच काही सांगायला नको."

काका आले. त्यांनी दादाचे तळपाय उलटेसुलटे करून पाहिले. "पाय ठणठणीत आहेत. आठ वाजता बाहेर."

"बूट ओले आहेत," ताई म्हणाली.

"बूट आजारी पडत नाहीत."

"अनवाणी माणूस दगडांवरून चालू शकतो का? नाही. म्हणजे त्याला चालणं शक्य नाही. नियम तुमचाच आहे, काका."

काकांनी चौकात उभं राहिल्यासारखा हात वर धरला आणि विचार केला. मग हात खाली आला. "राहू दे. पण राहणाऱ्यानं कामाला हात लावायचा. बटाटे सोला."

दादा बटाटे सोलायला बसला. अर्ध्या दिवसात त्यानं इतक्या पातळ साली काढल्या की त्यांतून पलीकडचं दिसावं.

ताईचं लक्ष मात्र बटाट्यांत नव्हतं. आदल्या संध्याकाळी बूट धुताना तिनं सवयीनं प्रत्येक सोल वाकवून बघितला होता. डावा नेक होता. उजवा वाकवला तेव्हा चवड्यापाशी, शिलाईच्या रेघेलगत, मधासारखी पिवळी कड दिसली. तिनं नखानं खरवडली. वास घेतला.

सोल्यूशन.

शिलाईचा कैवारी दादा, ज्यानं सोल्यूशनच्या वासानं डोकं दुखतं म्हणून दुकानात भिंत घातली, त्यानं वाटेत कुठल्याशा टपरीवर नळी घेऊन उघडत चाललेला सोल चिकटवला होता! ताईला आधी हसू आलं. मग राग आला. मग तिच्या लक्षात आलं की पंच म्हणून निकाल आत्ताच लागलाय. दादा बाद. धाकटा जिंकला.

तिनं बूट पुन्हा बादलीत घातला आणि जरा जास्तच वेळ राहू दिला.

*

छोट्या दुपारी उशिरा आला. पाठीवरची पिशवी भिंतीला टेकवली आणि मांडणीकडे वळला तोच त्याला उन्हात वाळणारे बूट दिसले. आपल्याच मापाचे, आपल्याच रंगाचे. वडिलांनी दोन्ही मुलांसाठी लाकडी फर्मा एकच केला होता, पाय जुळ्यांसारखे होते म्हणून. लहानपणी काही दिवस तर दोघांत बुटांची जोडीही एकच होती, दादाची शाळा सकाळची आणि छोट्याची दुपारची. कोपऱ्यावर बूट बदलले जायचे, आणि "गरम करून दिलास," असं छोट्या म्हणायचा.

"ताई, तो इथंच आहे?"

"बूट ओले झालेत त्याचे."

छोट्याचा चेहरा उजळला. "झालेच असणार! शिवलेले ना! त्याला सांग..."

"बूट काढ आधी. तपासायचेत."

तो जरा थबकला. "आत्ताच? जेवण होऊ दे."

"पंचाला वेळ नाही. बटाटे वाट बघतायत."

त्यानं बूट काढले आणि डावा पुढे केला. ताईनं दोन्ही घेतले. डाव्याचा सोल काचेसारखा घट्ट. उजवा तिनं हातात घेतला तेव्हा छोट्या आकाशात ढग आहेत का ते बघू लागला. आत हात घालून तिनं अस्तराचा पुठ्ठा उचलला. बोटांना गाठ लागली. पुढच्या टोकापाशी, मेण लावलेल्या दोऱ्याचे ताजे टाके. बाहेरून काळं पॉलिश फासून लपवलेले, आतून मात्र सरळ, दुहेरी आणि देखणे. घरच्याच हातचे, तिला स्वतःला वडिलांनी शिकवलेले तेच.

"ठीक आहे ना?" छोट्यानं ढगांना विचारलं.

"अप्रतिम आहे," ताई म्हणाली, आणि ते खरं होतं.

आत जाऊन तिनं स्वयंपाकघराचं दार लावलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून पोटभर हसली. हसू ओसरल्यावर तिनं शांतपणे हिशेब मांडला. दोघं बाद. निकाल जाहीर केला तर काय होईल? दादा म्हणेल, आधी त्यानं लबाडी केली. छोट्या म्हणेल, आधी त्यानं. मग कोणाचा टाका आधी आणि कोणाचा थेंब नंतर यावर पुढची पैज लागेल, आणि तिचा पंचही तीच असेल. निरोप्या व्हायचं नसेल तर हा निरोपही तिनं पोचवून चालणार नव्हतं. तो बुटांनीच पोचवायला हवा होता.

*

जेवणाच्या लांब टेबलाच्या एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला छोट्या. मध्ये बसलेले यात्रेकरू भोळेपणानं वाट्या पुढे सरकवत होते.

"चिमे," दादा म्हणाला, "त्या टोकाच्या माणसाला विचार, मीठ त्याच्या तीर्थरूपांनी एकट्यालाच ठेवून दिलंय का?"

"ताई, त्याला सांग, तीर्थरूप एकच होते, म्हणून मीठही अर्धं माझं."

"मला ऐकू येत नाही," ताई म्हणाली. "आजपासून माझी लाइन बंद आहे."

"बंद म्हणजे?"

"बिघाड झालाय."

मिठाची बाटली छोट्याच्या टोकालाच राहिली. दादानं भाजी अळणी खाल्ली. छोट्यानंही, मीठ हाताशी असून, अळणीच खाल्ली, म्हणजे एकट्यानं लाटलं असं कुणाला वाटायला नको. काकांनी दोघांकडे पाहिलं, शिट्टी तोंडाशी नेली आणि कुणाला थांबवावं ते न कळल्यामुळे खाली ठेवली.

सगळे जेवणात गुंतलेले असताना ताई नाड्या बांधायला व्हरांड्यात गेली. दादाचे बूट वाळले होते; तिनं ते मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवले. छोट्याचे खालच्या. मग दोन्ही उजवे बूट उचलले, जागा बदलल्या आणि नाड्या बांधल्या. गाठ अशी मारली की ती सोडायला दोन्ही हात आणि थोडी सबुरी लागावी.

दादाचा चोरटा उजवा बूट आता छोट्याच्या जोडीत होता. छोट्याचा चोरटा उजवा दादाच्या.

*

सकाळी निघायची गडबड. काका दारात उभे राहून पाठपिशव्यांची वाहतूक सोडत होते. दादानं गाठ सोडली, डावा पाय घातला, उजवा घातला आणि पुतळ्यासारखा उभा राहिला. बुटात आयुष्य काढलेल्या माणसाच्या पायाला आरशाची गरज नसते. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला छोट्याही एका पायावर भार टाकून तसाच उभा होता.

दोघांनी चोरून एकमेकांच्या पायांकडे पाहिलं. मग दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे.

"चिमे!"

"ताई!"

ताई ओल्या हातांनी बाहेर आली. "काय झालं?"

दादानं तोंड उघडलं. बूट बदललेत म्हणावं, तर ती म्हणणार, दाखव बघू. उजवा बूट छोट्याच्या पायातून निघणार, सगळ्यांसमोर हातात येणार, उलटा होणार. दादानं तोंड मिटलं. "काही नाही. निघतो म्हटलं."

"तुझं काय रे, छोट्या?"

"माझं? माझंही तेच."

"मग निघा की."

"निकाल?" छोट्यानं घसा खाकरला. "सोल तपासलेस ना दोघांचे?"

"तपासले. निकाल तुमच्याजवळच दिलाय," ताई म्हणाली, आणि भांडी घासायला वळली.

काकांनी लांब शिट्टी दिली, दोघा भावांना हातानं पुढे सरकवलं आणि दार ओढून घेतलं. पायरीवर दादा आणि छोट्या उरले. नेहमीप्रमाणे दादानं आधी निघून छोट्यानं दिवसभर थांबायचं, तर दादाचा बूट दिवसभर छोट्याच्या हाताशी राहणार. छोट्यानं आधी जावं, तर तेच उलट. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याला नजरेआड होऊ देणं परवडणारं नव्हतं. ते निघाले, दोन हातांचं अंतर राखून, शेजारी शेजारी, दोघांच्याही माना समोर आणि डोळे तिरके.

ताई खिडकीत येऊन उभी राहिली. हातात अर्धवट घासलेलं पातेलं होतं.

फाटकापाशी दादाच्यानं राहवलं नाही.

"टाच घासून चालू नकोस," तो म्हणाला.

वडील गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यापासून त्यानं धाकट्या भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

छोट्याची चाल चुकली. "माझी टाच आहे."

"बूट माझा आहे."

"आणि तुझ्या पायात माझा आहे. त्या दगडावरून नको नेऊस, कडेनं चाल!"

"कडेनं चाललं की सोल एका बाजूनं झिजतो. बाबांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. तुला."

पुढचं ऐकू येईना. वळणावरच्या झाडापर्यंत दोघांचे हात चालू होते, एवढं दिसत होतं. झाडापाशी दादा थांबला. बुटाच्या आत पायाला काहीतरी टोचलं असावं. गाठ टोचते, ताईला ठाऊक होतं; पुठ्ठा तिनं परत बसवला होता, पण फार मन लावून नव्हे. दादानं उजवा पाय उचलला, मांडीवर आडवा धरून सोलचं टोक पाहिलं आणि डुलला. साठी ओलांडलेल्या माणसाला एका पायावर उभं राहायला आधार लागतो. त्यानं चाचपडत हात बाजूला टाकला. बाजूला छोट्याचा खांदा होता.

छोट्यानं खांदा काढून घेतला नाही. दादानं पॉलिशखालचा टाका अंगठ्यानं दाबून पाहिला आणि काहीतरी म्हणाला. छोट्याची मान खाली गेली. मग त्यानंही आपला उजवा पाय उचलला, दादाच्या दंडाला धरलं आणि सोलची कड खरवडून नाकाशी नेली.

दोन म्हातारे वाटेच्या मधोमध एकेका पायावर, एकमेकांना धरून उभे. मागून येणारे यात्रेकरू त्यांना वळसा घालून जात होते.

"भांडतायत का हो?" काका खिडकीशी आले. "शिट्टी देऊ?"

"नका. आत्ता कुठे सुरुवात झालीय."

तेवढ्यात दादाचं डोकं मागे गेलं आणि त्याचं हसणं खिडकीपर्यंत आलं. छोट्याचं त्यात मिसळायला थोडा वेळ लागला. मग ते खाली बसले, उजवे बूट काढले आणि बदलून घेतले. दादानं आपला बूट घालताना काही म्हटलं, छोट्यानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. ताई पैजेवर सांगायला तयार होती की ते शब्द "गरम करून दिलास" असेच होते.

संध्याकाळी फोनची वेळ झाली तशी ती सवयीनं फोनपाशी जाऊन बसली. दादाची वेळ टळली. छोट्याचीही टळली. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत होतं ते गाडी चुकल्यासारखं. अखेर घंटी वाजली. नंबर दादाचा, आवाज छोट्याचा.

"ताई, भिंत काढतोय आम्ही. परत गेलो की लगेच. आता पंच म्हणून एक सांग. सोल आधी चिकटवायचा आणि मग वरून शिवायचा. बरोबर ना?"

"आधी शिवायचा!" मागून दादा ओरडला. "मग चिकटवायचा! चिमे, त्याला सांग..."

"शेजारी उभा आहे ना तो तुझ्या?"

"आहे ना!"

"मग तूच सांग," ताई म्हणाली, आणि एक्स्चेंजमध्ये लाइन जोडून झाल्यावर ठेवायची तसा फोन ठेवून दिला.

व्हरांड्यात काका मांडणीवरचे बूट रांगेत लावत होते. ताई दारात आली. कानाला काही काम नव्हतं, आणि पंधरवड्याचे बरेच दिवस अजून शिल्लक होते.

"काका," ती म्हणाली, "तुमचं कुणाशी बोलणं बंद आहे का हो?"

काकांनी हातातला बूट खाली ठेवला. "आहे ना. मेव्हण्याशी. पुढच्या आठवड्यात याच वाटेनं जायचाय तो. का बरं?"

ताईनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"त्याच्या बुटाचा नंबर काय?"